न लिहिलेल्या कमांडचा माग

क्वेक सुरू करून की-बोर्डवरच्या 1 च्या डावीकडची की दाबली की वरून एक तपकिरी पडदा खाली सरकतो. तो कन्सोल. तिथे एसव्ही_ग्रॅव्हिटी एवढंच लिहून एन्टर दाबा. गेम लगेच सांगतो की याची सध्याची किंमत 800 आहे. मनाला येईल ते नाव लिहा, ‘अननोन कमांड’ असं उत्तर येतं. आणि लिहिलेलं नाव एखाद्या खऱ्या कमांडचं निघालं, तर ती एक तर गुपचूप चालते किंवा तिच्यापुढे आणखी काय लिहायला हवं ते एका ओळीत सांगते. आकडा, नकार किंवा कृती. पुस्तिकेत आणि मेनूत कुठेच न सापडणाऱ्या कमांडचा शोध या तीन उत्तरांपासून सुरू होतो. तो नीट करायचा तर प्रयोगशाळेतल्या कामाइतकीच शिस्त लागते, आणि म्हणूनच हा विषय मला इतका प्रिय आहे.

1996 च्या जून महिन्यात इड सॉफ्टवेअरने क्वेक प्रसिद्ध केला. जॉन कार्मॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गेम घडवताना दर बारीक बदलासाठी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा कंपाइल करत बसणं परवडणारं नव्हतं. गुरुत्वाकर्षण किती असावं, खेळाडू जास्तीत जास्त किती वेगाने पळावा, हे खेळ चालू असतानाच बदलून बघता यावं म्हणून कन्सोल होता. गेम विकायला निघाला तेव्हाही तो आत तसाच ठेवला गेला. यातल्या सगळ्याच कमांड कुणी मुद्दाम दडवल्या होत्या असं समजायचं कारण नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये होतं तेच इथे झालं. लिहिणाऱ्याला अर्थ पाठ असतो, त्यामुळे तो नोंदवून ठेवायचा राहून जातो.

क्वेकच्याच इंजिनाच्या पायावर व्हॉल्व्ह कंपनीने 1998 मध्ये हाफ-लाइफ उभा केला, आणि हाफ-लाइफवर 1999 मध्ये काउंटर-स्ट्राइक नावाचा मॉड, म्हणजे मूळ गेम बदलून बनवलेला गेम, आला. आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून लहान शहरांपर्यंतच्या सायबर कॅफेंमध्ये एका पिढीने जो काउंटर-स्ट्राइक 1.6 खेळला, त्याचा कन्सोल थेट क्वेकच्या वंशातला. एसव्ही_ग्रॅव्हिटी तिथेही होतं आणि तिथेही ते 800 च होतं. कॅफेत अनेकांकडे कुणाकडून तरी मिळालेली सीएफजी फाइल असायची. पन्नास-साठ ओळी, प्रत्येक ओळीत एक नाव आणि एक आकडा. ‘ही टाक, गोळ्या नीट लागतात’ एवढंच तिच्याबद्दल कळायचं. त्यातली कोणती ओळ खरोखर काही करते आणि कोणती नुसतीच बसून आहे, हे शोधायचं कसं, हाच इथला प्रश्न आहे.

सुरुवात नावापासून करावी. आडव्या रेघेच्या आधीचा भाग पत्त्यासारखा असतो. एसव्ही म्हणजे सर्व्हरचं, सीएल म्हणजे खेळाडूच्या मशीनवरच्या क्लायंटचं, आर म्हणजे चित्र रंगवणाऱ्या भागाचं, एस म्हणजे आवाजाचं, एम म्हणजे माउसचं. एखाद्या नावाचा अर्थ कळत नसला तरी त्याचं घर कळतं, आणि परिणाम कुठे शोधायचा ते ठरतं. एम_यॉ घ्या. त्याची डीफॉल्ट किंमत 0.022. हा आकडा कशाचा, हे गेम सांगत नाही. मग मोजायचं. सेन्सिटिव्हिटी 3 ठेवायची, भिंतीवरच्या एका खुणेवर नेम धरायचा आणि माउस एकाच दिशेने सरकवत पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा त्याच खुणेवर यायचं. इंचामागे 400 ठिपके मोजणारा माउस असेल आणि विंडोजचा माउस-प्रवेग बंद असेल, तर साधारण साडेतेरा इंच लागतात. म्हणजे सुमारे 5,450 ठिपके. 360 अंशांना त्याने भागलं की ठिपक्यामागे 0.066 अंश येतात, आणि 0.022 ची तिप्पट तेवढीच. आता अर्थ हातात आला: माउसच्या एका ठिपक्यामागे सेन्सिटिव्हिटी गुणिले एम_यॉ इतके अंश नजर वळते. फूटपट्टीने हे काम होतं.

नावं शोधण्याचा सोपा मार्ग टॅब की. पहिल्या क्वेकमध्ये अर्धवट नाव लिहून टॅब दाबला की जुळणारं पहिलं नाव पूर्ण व्हायचं. क्वेक 2 पासून सीव्हारलिस्ट आणि सीएमडीलिस्ट या कमांड आल्या. पहिली सगळे व्हेरिएबल, म्हणजे किंमत धरून ठेवणारी नावं, छापते, दुसरी सगळ्या कमांड. व्हॉल्व्हच्या 2004 नंतरच्या सोर्स इंजिनात फाइंड आली. ती नावातही शोधते आणि नावासोबतच्या एका ओळीच्या वर्णनातही. तिच्या शेजारीच डिफरन्सेस नावाची कमांड आहे. डीफॉल्टपासून हललेले तेवढेच व्हेरिएबल ती दाखवते. दुसऱ्याच्या सीएफजीने आपल्या गेममध्ये कुठे कुठे हात लावला, हे तपासायला तिच्यासारखी सोय नाही.

क्वेक 3 ची यादी वाचायला शिकावी, कारण तिथे प्रत्येक नावापुढे अक्षरं असतात. ए असेल तर किंमत फाइलमध्ये जपली जाते. आर असेल तर ती फक्त वाचता येते. सी म्हणजे चीट्स चालू असतील तरच बदलते. आणि एल. या एल ने कित्येकांना चकवलं असणार. हा व्हेरिएबल नवी किंमत स्वीकारतो, पण ती लागू होते पुन्हा सुरू केल्यावर. कन्सोल तसं एका ओळीत सांगतोही, पण लांबलचक सीएफजी एकदम चालवली तर ती ओळ भराभर वर सरकून जाते. मग माणूस किंमत बदलतो, पडद्यावर काहीच फरक दिसत नाही, आणि तो निष्कर्ष काढतो की ही कमांड निकामी आहे.

याहून मोठा चकवा क्वेक 3 च्या सेट या कमांडमध्ये आहे. सेट लिहून पुढे वाटेल ते नाव आणि वाटेल तो आकडा द्या, गेम त्या नावाचा नवा व्हेरिएबल तयार करतो. नंतर ते नाव एकटं लिहून विचारलं तर तो अगदी खऱ्या व्हेरिएबलसारखा किंमत दाखवतो, डीफॉल्टसुद्धा दाखवतो. फक्त ते डीफॉल्ट म्हणजे आपणच पहिल्यांदा दिलेला आकडा असतो. म्हणजे सीएफजीत कुणी सेट लावून चुकीचं नाव टंकलं, किंवा दुसऱ्याच गेममधलं नाव उचलून टाकलं, तरी कन्सोल तक्रार करणार नाही. तो हो म्हणेल. ते नाव वाचणारा कोडच आत नाही, एवढी एक गोष्ट तो सांगणार नाही. यावर उपाय असा: सीएफजी बाजूला काढून कोऱ्या अवस्थेत गेम सुरू करायचा आणि काहीही सेट करण्याआधी नाव विचारायचं. तेव्हा ‘अननोन कमांड’ आलं, तर निदान या क्षणी गेमला ते नाव माहीत नाही. ‘या क्षणी’ म्हणायचं कारण आहे. काही व्हेरिएबल नकाशा लोड झाल्यावरच नोंदवले जातात. तेव्हा एकदा मेनूत असताना विचारायचं आणि एकदा खेळात शिरल्यावर.

आणखी एक बारकावा क्वेकच्या कोडमधला. लिहिलेली ओळ गेम आधी कमांडच्या यादीत शोधतो, मग अलायसमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः रचलेल्या जोड-कमांडमध्ये, आणि सर्वांत शेवटी व्हेरिएबलमध्ये. त्यामुळे सीएफजीत कुणी एखाद्या व्हेरिएबलच्याच नावाचा अलायस करून ठेवला असेल, तर आपल्याला वाटतं आपण व्हेरिएबल बदलतोय आणि चालत असतो अलायस. चाचणीआधी कोरी सीएफजी हवी ती यासाठीही.

यादीत नसलेली नावं कुठून काढायची? थेट प्रोग्रॅमच्या फाइलमधून. क्वेकच्या कोडमध्ये प्रत्येक व्हेरिएबल हा मजकुराच्या जोडीने लिहिलेला असतो: नाव आणि त्याला चिकटून डीफॉल्ट किंमत, तीही अक्षरांच्याच रूपात. कंपाइल झाल्यावर बाकीचा कोड यंत्रभाषेत जातो, पण हा मजकूर वाचता येईल असाच फाइलमध्ये पडून राहतो. युनिक्सवर स्ट्रिंग्ज नावाचं जुनं साधन आहे, विंडोजसाठीही त्याच नावाचं मिळतं. ते कुठलीही फाइल चाळून सलग वाचता येणारी अक्षरं तेवढी बाहेर काढतं. गेमच्या फाइलवर ते चालवलं की हजारो ओळी पडतात आणि त्यात हे खजिने असतात: व्हेरिएबलची नावं, आसपास त्यांचे आकडे, कमांड चुकीची वापरली तर छापायचे ‘असं वापरा’ छापाचे मजकूर, चुकांचे संदेश. या ओळींचा क्रमही महत्त्वाचा. एकाच सोर्स-फाइलमधला मजकूर बहुधा जवळजवळ पडतो. त्यामुळे अनोळखी नावाच्या मागेपुढे आवाजाची नावं दिसली, तर ते आवाजाच्याच घरातलं असण्याची शक्यता दाट. ही यादी आणि सीव्हारलिस्टची यादी समोरासमोर ठेवायची आणि पहिल्यात आहे पण दुसऱ्यात नाही असं नाव शोधायचं.

असं नाव सापडलं तर त्यात दोन प्रकार निघतात. सोर्स इंजिनात व्हेरिएबलवर खुणा लावता येतात आणि त्यातल्या दोन लपवण्याच्या आहेत. ‘हिडन’ खूण असलेला व्हेरिएबल फाइंडमध्ये आणि टॅबमध्ये दिसत नाही, पण पूर्ण नाव अचूक लिहिलं तर जिवंत असतो. ‘डेव्हलपमेंट-ओन्ली’ खूण असलेला विक्रीच्या आवृत्तीत कन्सोलपुरता नाहीसाच होतो. नाव फाइलमध्ये सापडलं म्हणून कमांड चालेलच असं नाही ते त्यामुळे.

आता इम्पल्स. या प्रकारावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे शोध पूर्ण करता येतो आणि असं फार क्वचित घडतं. क्वेकमध्ये इम्पल्स ही कमांड आकडा घेते आणि तो आकडा सर्व्हरकडे एका बाइटमध्ये जातो. एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढेच आकडे मावतात. म्हणजे अंदाज बांधायची गरजच नाही, सगळे करून बघता येतात. 1 ते 8 शस्त्रं बदलतात, 10 पुढचं शस्त्र देतो, 12 मागचं. 9 दिला की सगळी शस्त्रं आणि किल्ल्या मिळतात. 255 दिला की क्वाड डॅमेज, म्हणजे चौपट मारा. पण हेच आकडे डेथमॅचमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांविरुद्ध लढतात तेव्हा, देऊन बघणाऱ्याला 9 आणि 255 दोन्ही मुके वाटतील, कारण त्यांचा कोड पहिल्याच ओळीत विचारतो की डेथमॅच किंवा को-ऑप (सगळ्यांनी मिळून खेळणं) चालू आहे का, आणि असेल तर तिथूनच परततो. तेव्हा ‘काही झालं नाही’ ही नोंद अपुरी. कोणत्या प्रकारच्या खेळात काही झालं नाही, हेही तिच्यासोबत लिहायला हवं.

हाफ-लाइफने ही कमांड जशीच्या तशी उचलली आणि तिच्यात नवे आकडे भरले. 100 ने टॉर्च लागते, 201 ने भिंतीवर स्प्रे उठतो. 101 सर्व शस्त्रं देतो, मात्र एसव्ही_चीट्स 1 असेल तरच. मॉड बनवणाऱ्यांसाठी व्हॉल्व्हने जो कोड दिला, त्यात या 101 साठीच्या खुणेच्या नावात चक्क ‘ईव्हिल’ हा शब्द आहे. 203 समोरच्या प्राण्याला नाहीसं करतो. माझा लाडका 76. तो समोर एक सैनिक उभा करतो, पण पहिल्यांदा नाही. सैनिकाचं मॉडेल आणि आवाज नकाशा लोड होतानाच मेमरीत घ्यावे लागतात, म्हणून पहिल्या वेळी तो फक्त एक खूण करून ठेवतो आणि ‘ग्रंट-ओ-मॅटिक वापरायचं तर आता पुन्हा सुरू करा’ अशा अर्थाचा संदेश छापतो. तो संदेश न वाचता पुढच्या आकड्याकडे गेलेला माणूस वहीत 76 पुढे फुली मारून मोकळा होईल. कन्सोलमधली प्रत्येक ओळ वाचायची, हे या 76 इतकं चांगलं कुणी शिकवत नाही.

नाव कळलं, कमांड खरोखर आहे हेही कळलं, तरी काम अर्धंच झालेलं असतं. काही कमांडचा उघड अर्थ सगळ्यांना माहीत असतो आणि खरा परिणाम भलतीकडेच होतो. याचं सर्वांत सुंदर उदाहरण 1999 च्या क्वेक 3 मधलं कॉम_मॅक्सएफपीएस. अर्थ सरळ आहे: सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रं काढायची. डीफॉल्ट 85. हा आकडा 125 केला की खेळाडू जास्त उंच उडी मारतो, हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं. चित्रांच्या संख्येने उडी का बदलावी?

हिशेब असा आहे. गेम प्रत्येक चित्राचा वेळ पूर्ण मिलिसेकंदांत धरतो. 125 ला तो 8 मिलिसेकंद येतो, 85 ला 11. उडी मारताना वर जाण्याचा वेग 270 असतो आणि गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला त्यातून 800 वजा करतं. 8 मिलिसेकंदांत 6.4 वजा व्हायला हवेत. पण प्रत्येक चित्राच्या शेवटी गेम वेगाला जवळच्या पूर्णांकात बसवतो, कारण पूर्णांक नेटवर्कवरून पाठवायला कमी जागा लागते. 270 मधून 6.4 गेले की 263.6 उरतात, ते होतात 264. म्हणजे 6 च वजा झाले. पुढच्या चित्रालाही 6 च. ते 0.4 दर वेळी सुटत जातात. सेकंदाला 125 वेळा 6 म्हणजे 750. खेळाडूपुरतं गुरुत्वाकर्षण 800 ऐवजी 750 झालं. 85 वर उलटं होतं. 11 मिलिसेकंदांत 8.8 वजा व्हायचे तर 9 होतात आणि गुरुत्वाकर्षण 818 च्या आसपास जातं. उडीची उंची ढोबळमानाने 85 वर साडेचव्वेचाळीस एकक, 125 वर साडेअठ्ठेचाळीस. 333 वर एका चित्राला 3 मिलिसेकंद मिळतात, 2.4 चे 2 होतात आणि उंची 54 च्या पुढे जाते. आणि 200 वर? 5 मिलिसेकंदांत बरोबर 4 वजा होतात, सुटायला काहीच उरत नाही, उडी पुस्तकी 45.6 वर परत येते. चित्रं वाढवली की उडी वाढते, असा नियम बांधणाऱ्याला 200 चा आकडा तोंडघशी पाडतो. दोन मोजमापांवर नियम बांधू नये ते यासाठी.

ही गोष्ट कुठल्याही पुस्तिकेत नव्हती आणि असूही शकत नव्हती, कारण ती कुणी ठरवून केलेलीच नव्हती. नंतरच्या सुधारित आवृत्तीत इडने पीमूव्ह_फिक्स्ड नावाचा व्हेरिएबल दिला. तो चालू केला की सगळ्यांची हालचाल ठरावीक लांबीच्या टप्प्यांत मोजली जाते, मग मशीन कितीही वेगवान असो. टप्प्याची डीफॉल्ट लांबी किती? 8 मिलिसेकंद. खेळाडूंनी शोधलेली 125 ची उडीच त्यांनी सर्वांसाठी कायम केली.

गेम ऑनलाइन झाला की एक नवी अडचण उभी राहते: निर्णय आपल्या मशीनवर होत नाही. काउंटर-स्ट्राइक 1.6 मध्ये सीएल_अपडेटरेट म्हणजे सर्व्हरने सेकंदाला किती वेळा ताजी स्थिती पाठवावी, ही आपली मागणी. कॅफेतल्या जवळपास प्रत्येक सीएफजीत ती 101 असायची. कन्सोलला विचारलं तर तो 101 सांगतो. पण सर्व्हरवर एसव्ही_मॅक्सअपडेटरेट नावाची मर्यादा असते आणि तिची मूळ किंमत 30 आहे. सर्व्हर चालवणाऱ्याने ती वाढवली नसेल, तर आपण 101 मागून सर्व्हर सेकंदाला 30 च पाठवणार, आणि आपला कन्सोल आपलाच आकडा आपल्याला परत ऐकवणार. खरा आकडा नेट_ग्राफ चालू केल्यावर कोपऱ्यात दिसतो. क्लायंटच्या व्हेरिएबलची किंमत म्हणजे आपली इच्छा, नेट_ग्राफवरचा आकडा म्हणजे घडलेली गोष्ट. या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात.

कधी कधी इंजिन स्वतःच सूत्र बोलून जातं. ईएक्स_इंटर्प हा व्हेरिएबल घ्या. किंमत 0.1. तो काय करतो यावर कॅफेत तासन्‌तास वाद व्हायचे. अपडेटरेट 20 ठेवून ईएक्स_इंटर्प 0.01 करून बघा. कन्सोल सांगतो की ईएक्स_इंटर्प जबरदस्तीने 50 मिलिसेकंदांवर नेला आहे. 50 च का? 1000 भागिले 20. अपडेटरेट दुप्पट केला की तो सक्तीचा आकडा निम्म्यावर येतो. म्हणजे ईएक्स_इंटर्पचं नातं दोन अपडेटमधल्या अंतराशी आहे आणि त्या अंतराहून कमी तो होऊ शकत नाही. इथून अर्थ उलगडतो. समोरचा खेळाडू सर्व्हरकडून येणाऱ्या दोन स्थितींच्या मध्ये सरकताना दाखवायचा, तर दोन्ही स्थिती हातात हव्यात. म्हणून आपला गेम इतरांना थोडं भूतकाळात दाखवतो, 0.1 असेल तर 100 मिलिसेकंद मागे. 20 च्या दराने अपडेट येत असताना 100 मिलिसेकंदांत दोन अपडेट मावतात, तेव्हा एखादं वाटेत हरवलं तरी चित्र अडखळत नाही. आणि आपण भूतकाळात दिसणाऱ्या माणसावर गोळी झाडतो, तरी ती लागते, कारण सर्व्हर हिशेबापुरता सगळ्यांना तेवढं मागे नेऊन तपासतो. व्हॉल्व्हच्या यान बर्नियर यांनी 2001 मध्ये एका निबंधात ही रचना सविस्तर मांडली होती. कॅफेत वाद घालणाऱ्यांपर्यंत तो निबंध क्वचितच पोहोचला असेल, पण त्याचं मुख्य सूत्र कन्सोलच्या एका ओळीतून आणि एका भागाकारातून काढता येत होतं.

जिथे आकडा मिळत नाही, नुसतं ‘आता बरं वाटतंय’ एवढंच हाती लागतं, तिथे माणसाच्या मनाइतकं बेभरवशाचं मोजमाप नाही. नवी सीएफजी टाकली की सगळ्यांनाच गोळ्या जास्त लागल्यासारख्या वाटतात. यावर आंधळी चाचणी करावी. मित्राला शेजारी बसवायचं. त्याने दर फेरीआधी नाणं उडवून व्हेरिएबलची जुनी किंवा नवी किंमत टाकायची आणि आपल्याला न दाखवता लिहून ठेवायची. आपण खेळून सांगायचं, जुनी की नवी. दहा फेऱ्यांत नऊ किंवा दहा वेळा बरोबर आलो, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता सुमारे 1 टक्का, तेव्हा फरक खरा मानावा. पाच-सहा वेळा आलो तर त्या ओळीने आपल्या हाताला काहीही दिलेलं नाही. ही चाचणी करायला एक संध्याकाळ पुरते आणि सीएफजीतल्या निम्म्या ओळी तिच्यात गळून पडल्या तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

हे सगळं करायचं ते स्वतःच्या मशीनवर, स्वतः सुरू केलेल्या सर्व्हरवर. चालू सामन्यात अनोळखी कमांड देऊन बघणं म्हणजे दुसऱ्यांचा खेळ बिघडवणं. शिवाय तिथे इतके खेळाडू आणि इतकी गडबड असते की परिणाम कशाचा तेच कळत नाही. फाइल स्ट्रिंग्जने वाचणं आणि चालू गेमच्या मेमरीत हात घालणं यातही मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारासाठीच व्हॉल्व्हने 2002 मध्ये व्हॅक ही फसवणूक पकडणारी यंत्रणा आणली. व्हॉल्व्हचे गेम इनसिक्युअर हा पर्याय देऊन सुरू केले की व्हॅक बंद राहतो आणि त्याच्या संरक्षणाखालच्या सर्व्हरवर आपल्याला जाताही येत नाही. चाचणीसाठी हेच ठीक.

कन्सोल उलट्या दिशेनेही चालतो, हेही ठाऊक असावं. क्वेकपासून सर्व्हरला क्लायंटच्या कन्सोलमध्ये मजकूर पाठवून चालवून घेता येतो. त्याचे रास्त उपयोग आहेत. पण काउंटर-स्ट्राइक 1.6 चे काही सर्व्हर त्यातून खेळाडूच्या कीच बदलून टाकायचे किंवा पुढच्या वेळी आपल्याच सर्व्हरवर ओढून आणायचे. शेवटी व्हॉल्व्हने सीएल_फिल्टरस्टफसीएमडी दिला, तो 1 केला की अशा बऱ्याच कमांड अडतात. आपण न बदललेला व्हेरिएबल डीफॉल्टपासून हललेला दिसला, तर हेही एक कारण तपासावं.

आणि एकदा तर न लिहिलेली वाट गेम बनवणाऱ्यांनीच सोडली होती. क्वेकचा सर्व्हर दुरून चालवायला आरकॉन ही कमांड आहे. त्यासाठी सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलेला पासवर्ड लागतो. 1998 च्या मे महिन्यात उघड झालं की इडच्या स्वतःच्या नेटवर्कमधल्या, म्हणजे 192.246.40 ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून टीएमएस या तीन अक्षरांचा पासवर्ड आला, तर सर्व्हर खरा पासवर्ड न विचारता कमांड चालवतो. हे संदेश यूडीपीवरून जातात आणि यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. त्यामुळे ही वाट फक्त इडपुरती कधीच नव्हती. युनिक्सवरचं स्ट्रिंग्ज सांगितलं नाही तर चार अक्षरांहून लहान मजकूर गाळून टाकतं. ज्याने ती मर्यादा तीनवर आणली नाही, त्याला टीएमएस फाइल चाळूनही दिसलं नसतं.

सापडलेली गोष्ट लिहून ठेवताना सर्वांत वर आवृत्ती हवी. व्हॉल्व्हने 1.6 मध्येच वर्षानुवर्षं कमांड बदलल्या, आणि 2023 च्या सप्टेंबरमध्ये काउंटर-स्ट्राइक 2 नव्या इंजिनावर आला तेव्हा जुन्या कित्येक कमांड नाहीशा झाल्या. 1.6 च्या कन्सोलमध्ये व्हर्जन एवढंच लिहिलं की प्रोटोकॉलचा आणि बिल्डचा क्रमांक छापून येतो. तो उतरवायचा. त्याखाली नकाशाचं नाव, खेळाचा प्रकार, एसव्ही_चीट्स चालू की बंद, व्हेरिएबलची डीफॉल्ट किंमत, आपण दिलेली किंमत, कन्सोलने दिलेलं उत्तर जसंच्या तसं, आणि मग प्रत्यक्ष जे मोजलं ते. काहीच बदललं नसेल तर तेही.